बिरू जॉबर आणि दोन ग्रॅमचं वजन

कानानं अधू माणूस रेकॉर्ड प्लेअरच्या नादी लागला, याच्याइतका आचरटपणा मी अडुसष्ट वर्षांत पाहिला नाही. आणि आचरटपणा मी काही कमी पाहिलेला नाही, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे माझं. लोक टीव्हीच्या डोक्यावर फुलदाणी ठेवतात, पाणी आत सांडतात आणि वर मलाच विचारतात, आप्पा, कंपनी खराब निघाली का? माझं नाव चनमल्लप्पा. जोडबसवण्णा चौकाच्या अलीकडं बोळात बसतो. गिऱ्हाइकावर खेकसतो अशी माझी ख्याती आहे आणि ती खरी आहे.

बिरुदेव पहिल्यांदा दुकानात आला तो दिवाळीनंतरच्या आठवड्यात, आणि ओरडतच आला. मला वाटलं भांडायला आलाय, म्हणून मी पण बाह्या सरसावल्या. "आप्पा, ह्ये बगा की, आवाज लई बारीक झालाय ह्याचा," असं तो म्हणाला, पण इतक्या मोठ्यानं की समोरचा पानपट्टीवाला "दाखव, दाखव" म्हणत उठून आला. मग कळलं की माणूस भांडत नाहीये, त्याचं बोलणंच तसं आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तो जॉबर. जॉबर म्हणजे मागांचा मिस्त्री. माग बिघडला की विणणारा हात वर करतो आणि जॉबर पाना घेऊन धावतो. अठ्ठावीस वर्षं हेच काम.

त्या शेडमध्ये चोवीस माग एकदम खडखडत असतात. तिथं बोललेलं ऐकू येत नाही, ते बघावं लागतं. ही सगळी मंडळी एकमेकांचे ओठ वाचतात. बिरू तर इतका तयार की पलीकडच्या भिंतीजवळ कुणी मालकाला शिवी घातली तर त्याला इकडं कळायची. माझ्या तोंडात कायम सुपारी. पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला, "आप्पा, सुपारी थुका आदी, तुमचं बोलणं दिसंना मला." माझ्याच दुकानात मला सुपारी थुकायला लावणारं हे पहिलं गिऱ्हाईक. मी थुंकली, कारण त्यानं काखेतली वस्तू टेबलावर ठेवली होती आणि ती बघून मला घामच फुटला.

लाल रंगाची एक पेटी. उघडली की आत रेकॉर्ड प्लेअर. आजकाल हौशी लोक मोबाइलवरून मागवतात, तसा त्याच्या बायकोनं, रुपालीनं, मागवला होता. पेटी दिसायला गोजिरी, पण आत सगळा प्लॅस्टिकचा खेळ. तेही एक वेळ चालेल. पण सुईचा जो हात असतो, त्याच्या डोक्यावर चिकटपट्टीनं एक चांगला अर्धा इंची लोखंडी नट चिकटवला होता.

"हे काय आहे?"

"वजन," बिरू म्हणाला. "तबकडी जरा वाकडी हाय. सुई उड्या मारत व्हती. मागावर कापड ढिलं यायला लागलं की आमी बीमला, सुताच्या रुळाला, वजन वाढवतो. तसं हितं वाढवलं. लगीच सरळ चालली की." आणि तो माझ्याकडं शाबासकीच्या अपेक्षेनं बघत उभा राहिला.

मी तबकडी भिंगाखाली धरली. लहान, सात इंची रेकॉर्ड. रेघांमधून राखाडी भुकटी निघालेली. मी जे ओरडलो ते इथं लिहिता येत नाही, अर्धं कानडीत होतं. तू वाजवली नाहीस, नांगरलीस, असा त्याचा सभ्य सारांश. बिरू शांतपणे माझे ओठ बघत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "ही मागली बाजू हाय, आप्पा. दुसऱ्या कुणाची तरी ओवी हाय. बापाच्या बाजूला अजून सुई लावली न्हाय. नवीन सेटिंग केलं की आमी पैलं चिंधीवर चालवतो. चांगल्या मालावर ट्रायल घेत न्हाय."

बापाची बाजू म्हणजे काय, हे मग त्यानं स्टुलावर बसून सांगितलं. सांगोल्याच्या पलीकडं त्यांचं गाव, मेंढरं राखणारं घर. बापाचं नाव गुंडा, धनगरी ओव्या म्हणण्यात नावाजलेला. बिरू पोटात असताना जत्रेत कुठल्यातरी कंपनीची माणसं मशीन घेऊन आली, चार जणांच्या ओव्या भरून नेल्या. वर्षानं एक फेटा आणि ही तबकडी पाठवून दिली. घरात वाजवायला काही नव्हतं, म्हणून ती ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत गेली. बिरू दोन वर्षांचा असताना गुंडा मेंढरं घेऊन घाटाखाली गेला आणि तिकडंच तापानं गेला. बिरूला बापाचा चेहरा आठवत नाही, फोटो नाही, आवाज तर नाहीच. जे काही आहे ते त्या तबकडीच्या एका बाजूवर.

"आन आता डॉक्टर म्हनतो कान चाललं. वरचा आवाज गेलाय, खालचाबी चाललाय. हाय तवर एकदा ऐकायचं हाय, आप्पा."

हे ऐकल्यावर मी काय करायला हवं होतं? नट काढून, सुई बदलून, त्याच दिवशी तबकडी लावून द्यायला हवी होती. पण मी पडलो शहाणा. मी म्हणालो, या खेळण्यावर त्या बाजूला सुई लावायची नाही. नीट मशीन आणू, मी सांगीन तेव्हाच वाजवायची. तो म्हणाला, व्हय आप्पा. माझ्या शहाणपणाला कुणीतरी पहिल्यांदाच इतकं मानत होतं, त्यामुळं मी फुगलो.

पहिलं मशीन आम्ही मंगळवार बाजारात उचललं. जुना, कपाटाएवढा रेडिओग्राम, वर तबकडी फिरवायची सोय. घरी आणताना रिक्षात मशीन बसलं आणि आम्ही दोघं मागून चालत आलो. दुकानात चालू केलं. मी कान लावला, म्हणालो, छान, एक नंबर. बिरूनं कान लावलाच नाही. त्यानं दोन बोटं फळीवर टेकवली, डोळे मिटले आणि म्हणाला, "ह्याच्या रबरी चाकाला खड्डा हाय."

"गप रे. मला काही ऐकू येत नाही."

"मलाबी न्हाय. पन फेऱ्याला एकदा ठेच खातंय."

मी उघडून बघितलं. चाक वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिल्यामुळं नखाएवढा खड्डा पडला होता. चाळीस वर्षं कानावर पोट भरलेला मी, आणि एक बहिरट जॉबर दोन बोटांनी मला शिकवतोय. मी त्याला त्या दिवशी चहा पाजला नाही. चाक घासून गोल केलं तरी मशीनची घरघर जाईना. एका चुकीच्या मशीनची दोन झाली, एवढंच. मग मीच म्हणालो की आता पट्ट्यावर चालणारं नवं टर्नटेबल घ्यायचं, पुण्याला जाऊन, ऐकून, पारखून.

पुण्याला आम्ही तिघं गेलो, कारण रुपाली म्हणाली, "तुमी दोगं गेला तर लोखंड घिऊन याल." ती घरी टॉवेलच्या कडा शिवते, मशीनवर दिवसाला शंभर-शंभर नग. दुकान एसीचं, चपला बाहेर. आतला गृहस्थ दाढीवाला, बोलणं अगदी मऊ. या मशीनच्या आवाजाला खोली आहे, त्याच्या आवाजात मोकळेपणा आहे, असं बरंच सांगत होता. बिरू हळूच मला म्हणाला, म्हणजे सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "काय सांगतोय ह्यो? दाढीत ओठ दिसंनात." मग तो एकेक टर्नटेबल दोन्ही हातांनी उचलून वजन बघायला लागला. दाढीवाल्याचा जीव वरखाली. "हलकं हाय. थरथरणार," बिरू निकाल द्यायचा आणि पुढं सरकायचा.

शेवटी दोन राहिली. दोन्हींवर एकच गाणं लावलं. मला पहिलं पसंत होतं, खरं कारण सांगायचं तर त्याला बटणं जास्त होती. रुपाली भिंतीशी बसली होती. म्हणाली, "दुसरं घ्या. दुसऱ्यावर बाई गायच्या आदी श्वास घेतीया. पैल्यावर घेत न्हाय." पुन्हा लावून बघितलं. खरंच की, दुसऱ्यावर बाई श्वास घेत होती. मी दाढीवाल्याकडं बघून मान हलवली, जणू मला आधीच माहीत होतं. रुपालीनं ते ओळखलं, पण बोलली नाही. बाई समजूतदार आहे.

घरी आणल्यावर बिरूनं तबकडीच्या थाळीवर खडूची खूण केली, घड्याळ समोर ठेवलं आणि फेरे मोजायला बसला. मागाचे ठोके मिनिटाला किती पडतात हे नुसत्या नजरेनं सांगणारा माणूस तो. "पंचेचाळीस पायजे ना? सेहेचाळीस पडत्यात." मी माझ्याकडची मोजायची चकती ठेवून बघितली. सेहेचाळीस. खालचा बारीक स्क्रू त्यानंच फिरवून बरोबर केला. मला हातही लावू दिला नाही.

मग आलं वजन. सुईचा हात आधी हवेत तरंगता करायचा, वर नाही खाली नाही, मग मागचं चाक फिरवून हवं तेवढंच वजन द्यायचं. मी दोनवर आणलं. "दोन काय? किलो?" बिरूनं विचारलं. मी म्हणालो, ग्रॅम. तो हसायला लागला. "आप्पा, एवढ्या वजनावर माशी तरी बसंल का? आमच्या बीमला पाच-पाच किलो लोंबत असतंय." मी सांगितलं की जास्त दिलं तर सुई रेघ खरवडते, जे गेलं ते परत येत नाही. तो हसायचा थांबला. तबकडी उलटी करून त्यानं मागल्या बाजूच्या रेघा उजेडात धरल्या. मग म्हणाला, "ह्या बाजूच्या मानसावर लई अन्याय झाला की माज्याकडनं. त्येचंबी कुनी लेकरू आसंल." मला राग येणार होता, तो आलाच नाही.

आता वाजवायला काय हरकत होती? हरकत अशी की त्याचं घर निलम नगरमध्ये. डावीकडच्या घरात चार माग, उजवीकडं सहा. भिंतीवरची तसबीर रुपाली रोज सकाळी सरळ करते आणि दुपारी ती पुन्हा तिरकी. माग चालू असले की सुई त्या घरात टिकूच शकत नाही. प्रत्येकाची सुट्टी वेगळ्या वारी, कुणी ना कुणी खडखडतंच. सगळे माग एकदम गप्प होतात ते फक्त लाईट गेल्यावर. आणि लाईट गेली की टर्नटेबल कशावर चालवायचं? आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. दुकानात आणून वाजवू म्हणावं, तर बिरूची आई राजाबाई गुडघ्यांनी अडलेली, घराचा उंबरा ओलांडत नाही, आणि तिच्याशिवाय तो ऐकणार नाही. आम्ही टर्नटेबलाखाली शहाबादी फरशी घातली. फरशीखाली सायकलची अर्धवट हवा भरलेली ट्यूब घातली, ही बिरूची अक्कल. थोडा फरक पडला. मग मला वाटलं सुई आणखी बारीक हवी, ती परदेशातून मागवली, तिला दोन महिने लागले. मग वायर बदलली. मग स्पीकर. एकदा सुरुवात झाली की घोडं कुठंतरी पेंड खातंच, आणि खरं म्हणजे ते माझ्याच दारात खात होतं. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा येऊन गेली, पाडवा गेला, श्रावण गेला, दुसरी दिवाळी आली, दुसरा गड्डा उठला, दुसरा पाडवाही गेला.

राजाबाई पंचाहत्तरीच्या, खाटेवर बसून असायच्या. मी गेलो की ठरलेला प्रश्न. "झालं का रं बाबा तुजं मिशीन? का म्या मेल्यावर लावनार?" मी म्हणायचो, होईल आता, थोडंच राहिलंय. त्या म्हणायच्या, "आमच्या मालकानं उबं राहून येका दमात म्हनली व्हती. तुला बसून दीड वरीस लागलं."

एक दिवस रुपाली दुकानात आली. शिवलेल्या टॉवेलचा गठ्ठा कारखान्यात टाकून परत जाताना. बसली नाही, पाणी घेतलं नाही.

"आप्पा, परवा डॉक्टरनं कानाचा कागद दाखवला. रेघ पार खाली गेलीया. कुकरची शिट्टी कळंना झालीया ह्यांना. मागून हाक मारली तर वळत न्हाईत. तुमी सुई शोधत बसलाय आन हितं कान चाललं. बैल गेल्यावर झोपा करनार का तुमी?"

एवढं बोलून ती गेली. मी नेहमी गिऱ्हाइकावर ओरडतो, त्या दिवशी कुणावर ओरडावं ते कळेना. लाज वाटली, सरळ सांगतो. त्याला बापाचा आवाज ऐकायचा होता आणि मला चांगलं मशीन ऐकायचं होतं. त्याच्या नावावर मी माझी हौस भागवत होतो आणि तो भला माणूस दीड वर्ष व्हय आप्पा, व्हय आप्पा म्हणत राहिला.

त्याच आठवड्यात मोबाइलवर निरोप आला की बुधवारी दहा ते दोन निलम नगर भागात दुरुस्तीसाठी लाईट बंद. मी दुकानाला कुलूप लावलं. बिरूच्या मोटरसायकलची बॅटरी काढली. टर्नटेबल बारा व्होल्टचं, ते तिच्यावर लागलं, आणि गाडीत बसवतात तसला छोटा अॅम्प्लिफायर मी जोडून ठेवला. हे मला पहिल्याच महिन्यात सुचायला हवं होतं.

दहा वाजून पाच मिनिटांनी डावीकडचे माग थांबले, मग उजवीकडचे, मग सगळी गल्ली. शेजारचे लोक ओट्यावर येऊन बसले. राजाबाई खाटेवर, रुपाली दारात. बिरू स्पीकरला चिकटून उकिडवा बसला. मी तबकडी पुसली, बापाची बाजू वर केली आणि सुई ठेवली.

आधी खरखर आली. मग ढोल. मग आवाज. काय सांगू, पन्नास वर्षं लुगड्यात पडलेली तबकडी, पण माणूस खोलीत उभा राहून म्हणतोय असं वाटावं. बाहेरची कुजबुज बंद झाली. मी बिरूकडं बघितलं. तो कपाळाला आठ्या घालून स्पीकरमध्ये शिरायचाच बाकी होता.

"ढोल कळतोय, आप्पा," तो म्हणाला. "मानूस कळंना."

मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. त्यानं मान हलवली. वरचा आवाज गेलाय असं डॉक्टर म्हणाला होता, आणि शब्द सगळे वरच्याच आवाजात असतात, हे मला माहीत नसेल तर कुणाला असणार. दीड वर्षापूर्वी त्या लाल पेटीवर लावली असती तर त्याला कळलं असतं.

तेवढ्यात राजाबाईंचे ओठ हलायला लागले. त्या तबकडीबरोबर म्हणत होत्या, आवाज न काढता, डोळे मिटून. रुपालीनं बिरूच्या खांद्याला हात लावला आणि आईकडं बोट केलं. बिरू स्पीकर सोडून गुडघ्यांवर सरकत खाटेपाशी गेला आणि आईच्या तोंडाकडं बघत बसला. एक ओळ गेली. मग त्याच्या तोंडून शब्द यायला लागले, ठणठणीत, शेडमध्ये बोलावेत तसे.

"काळं कोकरू... माज्या वाड्याचं... त्याला पानी दावा... कुनीतरी..."

तबकडीवर बाप म्हणत होता, आई ओठ हलवत होती आणि बिरू अर्धा शब्द मागून ओरडत होता. ओट्यावरच्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. तीन मिनिटांची ती ओवी, संपली सुद्धा. सुई मधल्या गोलात जाऊन टिकटिक करत राहिली. मी सुईचा हात उचलून बाजूला ठेवला.

बिरू माझ्याकडं वळला. "आप्पा, शब्द गावलं सगळं. पन आवाज कसा हाय वो माज्या बापाचा?"

खोली, मोकळेपणा, जड, हलका, सगळे शब्द माझ्याकडं होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांना आवाज समजावून सांगतोय. त्याला ओठ दिसावेत म्हणून मी आधी सुपारी थुंकायला उठलो.

"त्येला काय इचारतुयास," राजाबाई खाटेवरून म्हणाल्या. पण बिरूची पाठ त्यांच्याकडं होती, त्याला कळलं नाही. रुपालीनं पुढं येऊन त्याची हनुवटी धरली आणि तोंड आईकडं फिरवलं. म्हातारीनं डोळे पुसले, तोंड नीट उघडलं आणि एकेक शब्द सावकाश, त्याला दिसेल असा म्हणाली.

"तुज्यावानीच हाय. घोगरा. आन त्योबी घरात असाच वरडून बोलायचा. तू हाक मारलीस की मला रोज वाटतंय, मालक आलं."